लक्ष्याच्या मागे काय आहे

शनिवारी सकाळी कुणीही पिस्तुलाला हात लावायच्या आधी कामं वाटली गेली. कुणाला गोळी लागलीच तर ९११ या आपत्कालीन नंबरला फोन कोण करणार, फोनवर त्या नेमबाजीच्या मैदानाचा, रेंजचा, पत्ता कसा सांगायचा, ॲम्ब्युलन्सला वाट दाखवायला फाटकापाशी कोण पळणार, जखमी माणसाजवळ कोण बसणार. मेडिकल किट कुठे टांगलंय ते प्रत्येकानं जाऊन, हात लावून बघून यायचं. एक गाडी मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून उभी ठेवली होती. जवळचं ट्रॉमा सेंटर किती मिनिटांवर आहे ते फळ्यावर लिहिलेलं होतं. माझ्या वाट्याला फाटक आलं. शनिवार-रविवारच्या त्या पिस्तूल प्रशिक्षणाचा हा पहिला धडा, आणि तो मला फार आवडला. जीव घेऊ शकणारी वस्तू शिकवताना जीव वाचवायची तयारी आधी केली जाते, ही गोष्ट मी माझ्या मनात असलेल्या 'अमेरिकन गन कल्चर'च्या चित्रात कधी काढलीच नव्हती.

मी टेक्ससमधल्या डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहते. भारतातून पाहुणे आले की एक दिवस ॲलन गावातल्या आउटलेट मॉलला जायचं, हे आमच्याकडे ठरलेलं. ६ मे २०२३ च्या शनिवारी दुपारी त्या मॉलमध्ये एका माणसानं रायफलनं ८ जणांचा जीव घेतला. त्यांत लहान मुलं होती, आणि भारतातून येऊन इथे नोकरीला लागलेली एक तरुण इंजिनिअर होती. वेगळ्याच कामासाठी तिथे आलेला एक पोलीस अधिकारी गोळ्यांच्या आवाजाच्या दिशेनं धावला आणि त्यानं त्या माणसाला संपवलं. त्यानंतर आमच्या ओळखीच्या घरांमध्ये दोन तट पडले. एक म्हणत होता, आता घरात पिस्तूल हवंच. दुसरा म्हणत होता, पिस्तुलं इतकी सहज मिळतात म्हणूनच तर हे होतं. मी दुसऱ्या तटातली. अजूनही बरीचशी तिथलीच आहे.

पण मी इथली नागरिक आहे, मतदान करते, आणि ज्या वस्तूबद्दल इतकं ठाम बोलते ती वस्तू कशी चालते, कशी थांबते, तिनं माणसाच्या हाताला आणि डोक्याला काय होतं, हे मला ठाऊक असावं असं वाटू लागलं. कॉलेजात एनसीसीमध्ये पालथं पडून .२२ रायफलनं थोड्या गोळ्या मारल्या होत्या, पण पिस्तुलाशी त्याचा काही संबंध नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती आधी म्हणाली, "अगं, तुला कशाला हवंय ते?" आणि जरा वेळानं, "शिकायचंच असेल तर नीट शीक बाई. अर्धवट नको."

अर्धवट शिकण्याची, खरं तर काहीच न शिकण्याची, टेक्ससमध्ये पूर्ण मोकळीक आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे २१ वर्षांवरच्या, कायद्यानं बंदूक बाळगायला मनाई नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल कमरेला लावून फिरता येतं. परवाना आजही मिळतो, त्यासाठी वर्ग आणि नेमबाजीची छोटी परीक्षा आहे, पण आता तो ज्याच्या त्याच्या मर्जीवर. हा बदल मला तेव्हाही चुकीचा वाटला होता आणि दोन दिवस रेंजवर उभं राहिल्यावर तर जास्तच चुकीचा वाटतो. आमच्या मुख्य प्रशिक्षकांनाही तो पसंत नव्हता. निवृत्त पोलीस अधिकारी, राजकारणात माझ्या अगदी विरुद्ध टोकाचे असणार हे त्यांच्या ट्रकवरच्या स्टिकरांवरून दिसत होतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की हक्क घटनेनं दिलाय, कौशल्य कुणी दिलेलं नाही.

कायदा सांगत नसताना आपणहून शिकायला आलेली माणसं कोण होती? रात्रपाळी संपवून अंधाऱ्या पार्किंगमधून एकटी गाडीपर्यंत जाणारी एक नर्स. गावाबाहेर शेतावर राहणारं एक निवृत्त जोडपं. त्यांच्याकडे शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलिसांची, गाडी पोचायला अर्धा तास लागतो. नुकताच बाप झालेला एक मुलगा. आणि एक बाई, जिच्या आधीच्या नवऱ्याला कोर्टानं तिच्यापासून लांब राहायचा आदेश दिलेला आहे. तो आदेश ती पर्समध्ये घडी घालून ठेवते. जेवणाच्या सुट्टीत तिनं तो मला दाखवला. त्याच्यावर तारीख आहे, न्यायाधीशांची सही आहे, आणि तिचा त्यावर काडीचा विश्वास नाही. तिच्याशी बोलल्यावर 'कुणालाच बंदूक नको' हे माझं नेहमीचं वाक्य माझ्या तोंडून निघेना.

चार नियम सगळ्यांना तोंडपाठ हवेत. ते जेफ कूपर यांनी रूढ केले. अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलातून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालेल्या या माणसानं १९७६ मध्ये ॲरिझोनात पिस्तुलाची शाळा काढली, आणि आज अमेरिकेत शिकवलं जाणारं बरंचसं पिस्तूलशास्त्र फिरून फिरून त्यांच्यापाशी येतं. पहिला नियम, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं. दुसरा, जे नष्ट झालेलं आपल्याला चालणार नाही त्याच्यावर नळीचं तोंड कधीही फिरू द्यायचं नाही. तिसरा, साइट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) लक्ष्यावर येईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. चौथा, आपलं लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करायची.

ऐकायला सोपे. पण शरीर या नियमांच्या विरुद्ध घडलेलं आहे. प्रश्न विचारायला मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागे हात, हातामागे नळी. आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या पोटावरून नळी फिरलेली असते. म्हणून गोळ्या झाडायच्या लाइनवर प्रश्न पडला तर पिस्तूल आधी होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, मग प्रश्न. बोटाचंही तसंच. एक हात दचकून आवळला की दुसऱ्या हाताची बोटंही आपोआप आवळतात. त्या वेळी बोट ट्रिगरवर असेल तर गोळी सुटते, तिला तुमची इच्छा लागत नाही. त्यामुळे बोट पिस्तुलाच्या अंगाला सरळ चिकटवून ठेवायची सवय हाडात मुरेपर्यंत घोटवून घेतली. होल्स्टरमध्ये परत ठेवतानाचा क्षण सर्वांत धोक्याचा, हे मला नव्यानं कळलं. काढताना घाई असू शकते. ठेवताना घाई कधीच नसते, तरी माणसं करतात, आणि शर्टाचं टोक किंवा स्वतःचंच बोट ट्रिगरमध्ये अडकून स्वतःच्या मांडीत गोळी घालून घेतात. "हळू, बघून," एवढंच प्रशिक्षक पुनःपुन्हा सांगत राहिले.

चौथ्या नियमावर मात्र पहिल्या दिवशी फार वेळ गेला नाही. मागे मातीचा उंच बांध होता. रेंजवर लक्ष्याच्या मागे काय आहे याचं उत्तर कायम तेच: माती.

गोळ्या झाडायला लागलो तेव्हा सर्वांत आधी अंगावर आला तो आवाज. ९ मिलिमीटरचं पिस्तूल साधारण १६० डेसिबलपर्यंत जातं. कानात बोळे आणि वर इलेक्ट्रॉनिक मफ्स असूनही तो छातीच्या पिंजऱ्यात ऐकू येतो. रिकामी पितळी आवरणं उजवीकडे उडतात, गरम असतात, आणि शर्टाची कॉलर उघडी असेल तर बरोबर आत जातात. तेव्हा हातातलं पिस्तूल सोडून नाचायचं नाही. चटका सोसायचा, नळी समोरच ठेवायची. हे सगळं आधी सांगितलेलं असतं, तरी कुणाच्या ना कुणाच्या कॉलरमध्ये आवरण जातंच.

पकड, पवित्रा, श्वास हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही, ते हातानंच शिकायचं. झटक्याच्या भीतीबद्दल मात्र सांगायला हवं. गोळी सुटताना पिस्तूल उसळणार हे मेंदूला माहीत असतं, म्हणून तो आधीच हाताला नळी खाली दाबायला सांगतो. उजव्या हातानं चालवणाऱ्याच्या गोळ्या मग खाली-डावीकडे पडतात. यावरचा उपाय असा: जोडीदारानं तुमच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या खोक्यात, मधेच एखादं खोटं काडतूस भरून द्यायचं, कुठे ते न सांगता. ट्रिगर दाबला, नुसतं 'टक्' झालं, गोळी नाही, आणि नळी मात्र ठळकपणे खाली झुकली. पिस्तुलानं त्या क्षणी काहीही केलेलं नसतं. ती झुकलेली नळी म्हणजे आपली भीती, सगळ्यांना दिसेल अशी. नर्सची झुकली, शेतकरी आजोबांची झुकली, माझी झुकली. आजोबा आयुष्यभर हरणांची शिकार करत आलेले होते.

आणि मग साइट. पिस्तुलाच्या मागच्या टोकाला खाच असते, पुढच्या टोकाला उंचवटा, आणि त्यापलीकडे लक्ष्य. डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावर नीट दिसतं. या तिघांपैकी एकच गोष्ट रेखीव दिसणार, बाकीच्या दोन धूसर. साध्या लोखंडी साइटवर शिकवण अशी की रेखीव दिसायला हवा तो पुढचा साइट. लक्ष्य धूसर होऊ द्यायचं. (हल्ली पिस्तुलावर लाल ठिपक्याचा साइट बसवतात, त्यात नजर लक्ष्यावरच ठेवता येते. नर्सच्या पिस्तुलावर तो होता.) ज्याला मारायचं त्याच्यावरून नजर काढायची, ही गोष्ट मनाला पटायला वेळ लागतो. पण एकदा नजर त्या उंचवट्यावर स्थिरावली की सात यार्डांवर गोळ्या मुठीएवढ्या जागेत पडायला लागतात. मला त्याचा आनंद झाला. मनापासून, लहान मुलाला होतो तसा.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला इथे द्रोणाचार्य आठवणारच. झाडावर पक्षी ठेवलेला, एकेका शिष्याला विचारायचं, काय दिसतं? युधिष्ठिराला झाड दिसतं, पक्षी दिसतो, भाऊ दिसतात, गुरुजीही दिसतात. त्याला बाजूला व्हायला सांगतात. अर्जुनाला फक्त डोळा दिसतो, आणि एकाग्रतेचा हा धडा म्हणून आम्हाला ती गोष्ट शाळेत असंख्य वेळा ऐकवलेली. शनिवारी दिवसभर मी अर्जुन व्हायचा प्रयत्न करत होते. रविवारी तीच गोष्ट मला उलटी वाचायला लागली. कारण रविवारी माती नव्हती. रविवारी माणसं होती.

सकाळी प्रशिक्षकांनी ट्युलर ड्रिल करून दाखवलं. डेनिस ट्युलर हे सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले तेव्हाचे सार्जंट. हातात चाकू असलेला माणूस किती अंतरावर असला की धोका खरा समजायचा, हे त्यांनी मोजून बघितलं आणि १९८३ मध्ये त्यावर लेख लिहिला. २१ फूट अंतर साधा धडधाकट माणूस सुमारे दीड सेकंदात पार करतो. होल्स्टरमधून पिस्तूल काढून छातीवर गोळी मारायलाही चांगल्या नेमबाजाला साधारण तेवढाच वेळ लागतो. हे दाखवायची पद्धत सुरक्षित होती: नेमबाज बांधाकडे तोंड करून उभा, धावणारा त्याच्या पाठीला पाठ लावून, आणि शिट्टी वाजली की हा पिस्तूल काढणार, तो उलट्या दिशेला पळणार. गोळीचा आवाज आला की पळणाऱ्यानं थांबायचं. नवा बाप झालेला मुलगा पळाला. गोळी सुटली तेव्हा तो २१ फुटांच्या खुणेच्या पुढे गेलेला होता.

प्रशिक्षकांनी लगेच बजावलं, की २१ फूट हा काही परवाना नाही. या आकड्याचा लोकांनी 'एवढ्या आत आला तर मारा' असा अर्थ लावून घेतलाय. ट्युलर यांचा मुद्दा होता तो धोका लवकर ओळखून अंतर राखण्याचा. बाजूला सरा, मध्ये गाडी घ्या, टेबल घ्या, पळता येत असेल तर पळा. पिस्तूल कमरेला आहे म्हणून पळणं कमीपणाचं होत नाही. नर्स त्यावर म्हणाली, पळण्याचा वर्ग स्वस्त पडला असता. ते म्हणाले, पण त्याला कुणी आलं नसतं.

दुपारी माणसांच्या छायाचित्रांची लक्ष्यं लावली. पूर्ण उंचीची, रंगीत. हातात लेझरची नकली पिस्तुलं दिली, पाठ करून उभं केलं, आणि वळल्याबरोबर ठरवायचं. एका चित्रात माणूस ओरडतोय आणि हातात पिस्तूल. एकात तसाच ओरडतोय, हातात फोन. एकात बाईच्या मागून माणूस डोकावतोय, त्याचा एकच हात दिसतो. एकात साध्या कपड्यांतला माणूस पिस्तूल धरून आहे, आणि कमरेला पोलिसाचा बिल्ला आहे, जो शेवटी दिसतो. चेहरा बघू नका, हात बघा, हे सांगून झालेलं होतं. तरी चेहऱ्याकडेच नजर जाते, कारण माणूस माणसाच्या चेहऱ्याकडेच बघतो. घाबरल्यावर दृष्टीचा परीघ आवळतो, कान बंद झाल्यासारखे होतात. म्हणजे नेमकं जेव्हा सगळं दिसायला हवं तेव्हाच शरीर आपल्याला अर्जुन करून टाकतं: एक बिंदू, बाकी अंधार.

आणि तिथे युधिष्ठिर हवा असतो. झाड दिसणारा, फांदी दिसणारा, पलीकडे उभे असलेले भाऊ दिसणारा. त्या बाईच्या मागच्या माणसावर सहज नेम धरता येत होता. त्याच्या मागे काय होतं? चित्रकारानं तिथे, काचेपलीकडे, रस्त्यावरून जाणारी बाबागाडी छापली होती. आमच्यातल्या बहुतेकांना ती दिसलीच नाही. प्रशिक्षकांनी सांगेपर्यंत कुणी तिचं नावही काढलं नव्हतं.

इथे माझी मनापासूनची तक्रार आहे, आणि ती या वर्गाबद्दल नाही, एकंदर पिस्तुलाच्या शिक्षणाबद्दल आहे. नेम शिकवायला तास न् तास, आणि बघायला शिकवायला एक दुपार. नेम मोजता येतो, कागदावर भोकं दिसतात, विद्यार्थी खूश होऊन घरी जातो. काय दिसलं आणि काय सुटलं याचं भोक कागदावर पडत नाही. गोळी न मारता जो उत्तम निर्णय घेतला त्याला गुण कसे द्यायचे? पण खऱ्या जगात पिस्तूल बाळगणाऱ्या माणसाच्या आयुष्यात, देवाच्या दयेनं, असेच निर्णय बहुतेक येतात. अंधारात मागच्या दाराशी खुडबुड करणारा माणूस, जो दारू पिऊन चुकीच्या घरी आलेला शेजारी असू शकतो. रात्री उशिरा न सांगता घरी आलेला आपलाच मुलगा.

कायद्याचा भाग एका वकीलबाईंनी घेतला. टेक्ससच्या दंडसंहितेचं नववं प्रकरण त्यांनी उलगडून दाखवलं. जिथे असायचा तुम्हाला हक्क आहे, तुम्ही कुणाला चिथावलेलं नाही, कुठला गुन्हा करत नाही आहात, तर मागे हटायचं बंधन नाही. कुणी जबरदस्तीनं तुमच्या घरात, गाडीत किंवा कामाच्या जागी घुसत असेल तर तुमची भीती वाजवी होती असं कायदा गृहीत धरतो. एवढंच काय, रात्रीच्या वेळी चोरी रोखायला, मालमत्ता वाचवायलाही काही अटींवर प्राणघातक बळ वापरायची इथे मुभा आहे, कलम ९.४२. खोलीत दोन-चार जणांनी समाधानानं माना डोलावल्या. वकीलबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "कायदा परवानगी देतो म्हणून एका लॉनमोअरसाठी माणूस मारायचा का, हे मी तुम्हाला सांगणार नाही. पण रात्री झोप कुणाला लागणार नाही ते तुम्ही ठरवा."

मग त्यांनी कलम ९.०५ वाचलं. त्याचा अर्थ असा: समोरच्या माणसावर बळ वापरणं तुमच्या बाजूनं पूर्ण न्याय्य असलं, पण ते वापरताना तुम्ही बेपर्वाईनं तिसऱ्याच निर्दोष माणसाला जखमी केलं किंवा मारलं, तर त्या तिसऱ्याबद्दलच्या खटल्यात आत्मरक्षणाची ढाल तुम्हाला मिळत नाही. चौथा नियम कायद्याच्या पुस्तकात होता तर. माती नसलेल्या जगासाठी.

त्यानंतर वकीलबाईंनी जो प्रश्न विचारला तो मी विसरणार नाही: "तुमच्या बेडरूममध्ये उभं राहून दाराकडे नेम धरा. दाराच्या मागे काय आहे?" वीट-सिमेंटच्या भिंतींत वाढलेल्या माझ्यासारखीला भिंत म्हणजे थांबणारी गोष्ट वाटते. इथल्या घरातली आतली भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जाडीचं जिप्सम बोर्ड. ९ मिलिमीटरची गोळी अशा एकामागून एक कित्येक भिंतींमधून आरपार जाते. मी मनातल्या मनात आमच्या घरात उभी राहिले. दार, त्यामागे बोळ, बोळाच्या पलीकडे मुलाची खोली. त्याचा पलंग त्याच भिंतीला लागून आहे. त्याच रात्री मी नवऱ्याला बोळात उभं केलं आणि टॉर्च घेऊन घरातल्या प्रत्येक खोलीतून कुठल्या दिशेनं काय येतं ते बघत फिरलो. आमच्या घरात बेडरूममधून धरता येईल असा एकही नेम सापडला नाही ज्याच्या मागे एक तर मुलाचा पलंग नाही, नाहीतर शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर नाही.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्यामुळे शेवटचं सत्र माझ्यासाठी सर्वांत अवघड होतं. प्रशिक्षकांनी फळ्यावर एकच वर्ष लिहिलं: २०२१. त्या वर्षी अमेरिकेत बंदुकीच्या गोळीनं ४८,८३० माणसं मेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. "घरात चोर शिरण्याची तुम्ही तयारी करता आहात," ते म्हणाले, "पण हा आकडा आधीच तुमच्या घरात राहतो." पोलिसात असताना अशा किती घरांत जावं लागलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. आत्महत्येची उबळ पुष्कळदा काही मिनिटांची असते; ती टळली तर माणूस बहुधा जगतो. गोळीत मात्र ती मिनिटं मिळत नाहीत. टेक्ससमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे, पण १७ वर्षांचा झाला म्हणजे मुलगा दुःखी व्हायचा थांबतो असं थोडंच आहे? त्यांनी बोटांच्या ठशानं किंवा आकड्यांनी उघडणाऱ्या तिजोऱ्या दाखवल्या, भिंतीला किंवा जमिनीला बोल्टनं कशा बसवायच्या ते दाखवलं. आणि घरात कुणी वाईट काळातून जात असेल तर बंदूक घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे काही दिवस ठेवा, हेही सांगितलं. ट्रकवर ते स्टिकर लावणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

आम्ही पिस्तूल घेणार नाही. नवऱ्याचं आणि माझं यावर एकमत झालं, आणि याला कुठली मोठी राजकीय भूमिका लागली नाही. घराचा नकाशा आणि मुलाचं वय पुरलं. ती कोर्टाचा आदेश पर्समध्ये ठेवणारी बाई घेणार आहे, आणि तिनं घ्यावं असं मला वाटतं. तिच्या घरात ती एकटी राहते, तिच्या बेडरूमच्या दारामागे बाहेरची विटांची भिंत आहे, हे तिनं तपासून मला मेसेज केला. तिचं आणि माझं उत्तर वेगळं आलं याचा मला त्रास होत नाही. दोघींनी उत्तर काढलं ते बघून, याचं समाधान आहे. बिनपरवान्याच्या कायद्याला माझा विरोध मात्र आता पूर्वीपेक्षा पक्का आहे, कारण कुणाला न शिकता काय काय दिसणार नाही हे मी स्वतःच्या डोळ्यांनी मोजून आले आहे.

एक गोष्ट मात्र मी लगेच विकत घेतली. रविवारी सकाळचा एक तास प्रशिक्षकांनी रक्तस्राव थांबवायला शिकवण्यासाठी दिला होता. २०१५ पासून इथे 'स्टॉप द ब्लीड' नावाची मोहीम चालू आहे. सँडी हूकच्या शाळेत २०१२ मध्ये झालेल्या हत्याकांडानंतर डॉक्टरांनी उचलून धरलेल्या विचारातून ती आली. मोठी रोहिणी तुटली तर माणूस ॲम्ब्युलन्स येण्याआधी काही मिनिटांत मरू शकतो. हातापायाच्या जखमेच्या दोन-तीन इंच वर टुर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायचा आवळपट्टा, बांधायचं, सांध्यावर नाही. त्याची कांडी रक्त थांबेपर्यंत पिळायची, मग अडकवायची, वेळ लिहून ठेवायची. दुखतं, फार दुखतं, आणि ओरडणाऱ्या माणसाला ते पिळत राहायला धीर लागतो. मी माझ्या जोडीदाराच्या, म्हणजे शेतकरी आजींच्या, दंडावर बांधलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आणखी, पोरी, अजून सैल आहे." जिथे टुर्निकेट बांधता येत नाही, जांघेत किंवा खांद्याजवळ, तिथे जखमेत कापड कोंबून दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून दाबत राहायचं. या कौशल्याला लक्ष्याच्या मागे काय आहे हा प्रश्नच पडत नाही. ते गाडीच्या अपघातात चालतं, स्वयंपाकघरात चालतं, मॉलमध्ये चालतं.

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या समितीशी मी बोलले आहे. गणेशोत्सवाच्या हॉलमध्ये प्रसादाच्या टेबलामागे प्रथमोपचाराची एक पेटी असते. तिच्यात बँडेड, क्रोसिन आणि ओआरएसची पाकिटं असतात. यंदा तिच्यात दोन टुर्निकेटं आणि जखमेत कोंबायचं गॉज असेल. गणपतीच्या आधीच्या रविवारी हॉलवर वर्ग आहे, एक तासभराचा, शिकवायला ती रात्रपाळीची नर्स येणार आहे. मुलांनाही आणा. माझा मुलगा येतोय, त्याच्या दंडावर सराव करू द्यायला तो तयार झालाय.